उकाड्यात चालणारं यीस्ट

जूनमध्ये आमचा दुसरा फ्रीज बंद पडला आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. एकोणीस वर्षं त्या फ्रीजमध्ये माझ्या नवऱ्याची, घत्तासची, बिअर आंबत आली होती. मला त्यात साधी काकडी ठेवायला कधी जागा मिळाली नाही.

आमच्या झाहले गावात लोक द्राक्षं पिकवतात, त्यांची बडीशेप घातलेली दारू, अरक, काढतात. बिअर करणारे दोनच वेडे, घत्तास आणि त्याचा मित्र वादीह. "अरकच्या गावात बार्लीचं पाणी!" असं माझे भाऊ अजून चिडवतात. घत्तास पाणीपुरवठ्यात होता, वादीहचं औषधांचं दुकान होतं. उकळणं, गाळणं, बाटल्या भरणं घत्तासकडे. नाक मात्र वादीहचं. तो बरणीवर वाकून एकदा श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "अजून आठ दिवस." आणि खरंच आठ दिवस लागायचे.

यंदा ऑगस्टच्या शेवटी वादीहच्या मुलीचं, जुमानाचं लग्न होतं. लग्न झालं की ती नवऱ्याबरोबर परदेशात, लियोंला जाणार होती. वादीहची बायको जाऊन सात वर्षं झाली, त्याला ही एकच मुलगी, तीही नोकरीला राजधानीत, सुट्टीलाच घरी. तिच्या लग्नात आपलीच बिअर द्यायची, हे दोघांनी ती शाळेत असतानाच ठरवलेलं.

पण त्यांचं नेहमीचं यीस्ट थंडीतलं. बारा अंशांत महिनाभर ठेवलं तरच ते नीट काम करायचं. हल्ली सरकारी वीज दिवसाला दोन तास, जनरेटरची आणखी पाच. त्यात नवा फ्रीज आणला असता तरी काय उपयोग? तळघरात जुलैमध्ये अठ्ठावीस अंश असतात. म्हणून घत्तासने जुमानाच्या होणाऱ्या नवऱ्याकडून सुक्या यीस्टची तीन पाकिटं मागवली आणि ती माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली.

"हे इंग्लंडचं," तो म्हणाला. "गाळ झटकन खाली बसतो, बिअर नितळ होते. पण वीस अंशांच्या वर गेलं की बिथरतं. हे बेल्जियमचं. ह्याला उकाडा चालतो, पण लवंगेसारखा वास येतो."

"लग्नात लवंग?" वादीह म्हणाला. "माझ्या बहिणींना दातदुखीचं औषध आठवेल."

"आणि हे नॉर्वेचं, तिकडच्या शेतकऱ्यांचं. पस्तीस अंशांतही चालतं."

"नॉर्वेत पस्तीस अंश कुठून आले?" मी विचारलं.

"मला काय माहीत, नझीरा! पाकिटावर लिहिलंय."

तिन्ही करून बघायचं ठरलं. एकाच पातेल्यात माल्टचं गोड पाणी चार तास उकळलं, माझं स्वयंपाकघर भट्टीसारखं तापलं. मग ते निववून तीन मोठ्या काचेच्या बरण्यांत भरलं आणि प्रत्येकीत वेगळं यीस्ट टाकलं. इंग्लंडच्या बरणीला थंडाव्यासाठी ओलं फडकं गुंडाळलं. ते दिवसातून चार वेळा ओलं करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. माझे गुडघे दुखतात, तळघराच्या पायऱ्या चौदा. तिसऱ्या दिवसानंतर मी दोनदाच उतरत होते. घत्तासला सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी चव बघायला वादीह आला. तिन्ही पेले भरले गेले. इंग्लंडचा पेला माझ्यापासून चार हात लांब होता, तरी मला नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा भपका आला. घत्तासने तो हुंगून तोंड वाकडं केलं आणि मुद्दाम काही न बोलता वादीहपुढे सरकवला. चाळीस वर्षं औषधं विकलेला माणूस आता काय काय शिव्या देतो, ते त्याला ऐकायचं होतं.

वादीहने डोळे मिटून वास घेतला, घोट घेतला. "हीच," तो म्हणाला. "एकदम स्वच्छ. ह्यात काही लपलेलं नाही."

घत्तासने माझ्याकडे पाहिलं. मी काकडी चिरत राहिले.

वादीह गेल्यावर घत्तास म्हणाला, "थट्टा करत होता का?"

"बिअरच्या बाबतीत तो कधी थट्टा करतो?"

"मग खोटं का बोलला?"

मला उत्तर ठाऊक होतं आणि ते उच्चारायचा कंटाळा आला होता. आईचं आजारपण मी नऊ वर्षं काढलं, मग सासूचं. माणसाचं काही गेलं की ते तो आधी लपवतो. ही सुरुवात माझ्या ओळखीची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घत्तास त्याच्याकडे निघाला तेव्हा लबनेचा, टांगून घट्ट केलेल्या दह्याचा, डबा घेऊन मीही गेले. नाहीतर हा एकतर ओरडला असता, नाहीतर तासभर गप्प बसून परत आला असता. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि दोघंही थबकलो. घर गॅसने भरलं होतं. कॉफी उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण तसंच चालू. आणि पाच पावलांवर, बाहेरच्या खोलीत, वादीह चष्मा लावून पेपर वाचत बसला होता.

मी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. घत्तासने त्याला दंडाला धरून अंगणात ओढलं.

"अरे, झालं काय?" वादीह म्हणाला. मग त्याने आमची तोंडं पाहिली आणि तो पायरीवर बसला.

"फेब्रुवारीत ताप आला होता ना," तो म्हणाला. "ताप गेला, त्याबरोबर नाकही गेलं. कॉफी म्हणजे कडू गरम पाणी. डॉक्टर म्हणतो, येईल परत. मीही गिऱ्हाइकांना असंच सांगायचो."

"आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस? मला?" घत्तास म्हणाला.

"तुला सांगितलं की जुमानाला कळणार. तुझ्या पोटात काही राहतं का? आणि तिला कळलं तर ती जाणार नाही, घत्तास. एकट्या बापाला गॅसचा वास येत नाही म्हटल्यावर कुठली मुलगी विमानात बसेल?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. असं झालं की सगळे माझ्याकडेच बघतात.

"आधी ती गॅसची टाकी इथून उचलायची," मी म्हटलं. "आणि मुलीला सांगायचं. लग्नाच्या आधी, आणि तू स्वतः."

"आणि मी कॉफी कुठे करू, उम्म नाजी?" माझ्या मुलाच्या नावावरून, नाजीची आई म्हणून, वादीह मला अशीच हाक मारतो.

"आमच्याकडे. दुपारचं जेवणही आमच्याकडेच." बोलले आणि त्याच क्षणी पस्तावले. पण शब्द निघून गेला होता आणि घत्तास टाकीला हात घालायला आत गेलाही होता.

उरलेल्या दोन बरण्यांचा निकाल त्याच दुपारी लागला. वादीह जिभेवर घोळवून सांगू लागला, "ही कोरडी आहे. ही जरा गुबगुबीत. वास काय येतो ते तू सांग."

"संत्र्याचा."

"सालीचा की रसाचा?"

"संत्रं म्हणजे संत्रं!"

"तुझं नाक पाणीपुरवठ्यातलंच राहिलं रे. पाइप आहे नुसता. उम्म नाजी, तुम्ही बघा."

एकोणीस वर्षांत मी त्या बिअरला तोंड लावलं नव्हतं. पेला नाकाशी धरला. "वाळलेली साल," मी म्हटलं. "शेगडीवर टाकलेली. आणि मागे भाजलेल्या पावाचा वास आहे." वादीहने ते एका चिठ्ठीवर लिहून घेतलं. नॉर्वे ठरलं.

जुमानाला त्याने लग्नाआधीच्या रविवारी आमच्या गच्चीवर सांगितलं. ती रडली, जाणं पुढे ढकलते म्हणाली. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही खरंच त्यांना रोज जेवायला घालाल?" मला म्हणायचं होतं, पोरी, मी चौसष्टची आहे, माझा नाजी ब्राझीलमध्ये आहे आणि मला कुणासाठीही स्वयंपाक करावासा वाटत नाही. "हो," मी म्हटलं.

लग्नातली साठ लिटर बिअर संध्याकाळपर्यंत संपली. माझ्या थोरल्या भावाने तिसरा पेला भरून घेताना "बार्लीचं पाणीच आहे शेवटी" असं म्हटलं. जुमाना गुरुवारी गेली.

आता वादीह रोज एकच्या ठोक्याला येतो. लोणचं भसाभसा खातो, कारण तेवढंच त्याला कळतं. ताटावर बसला की विचारतो, "आज कसला वास येतोय?" बरं वाटत असलं की मी सांगते, कांदा थोडा जास्त तळलाय, जिऱ्याचा वास पुढे आहे. दमलेली असले की म्हणते, मसूर-भाताच्या मुजद्दराचा येतो तसाच, दुसरा कसला? तोही मान डोलावतो आणि जेवायला लागतो.