तीन फुटांखालची चुगली

मी गिरमिट बोलतोय. सुताराचं नव्हे, मातीचं. मी जमिनीत शिरतो, पोटात माती धरतो आणि वर येऊन सगळी ओकतो. माझ्या पोटात काही राहत नाही. तो माझा स्वभावही आहे आणि धंदाही.

एका लोहाराने मला जाड पाइपापासून घडवलं, अंगावर दर फुटाला एकेक खूण केली आणि माती तपासणाऱ्या ताईंना विकलं. तेव्हापासून त्यांच्या गाडीच्या डिकीत, बादलीशेजारी माझा संसार.

एकदा एका काकूंनी ताईंना बोलावलं. त्यांची लेक दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन राहायला येणार होती. बाळ वरच्या दुधावर होतं, आणि दुधाची पावडर कालवायची ती घरच्या विहिरीच्या पाण्यात. काकूंना ते पाणी आणि शेत, दोन्ही तपासून हवं होतं.

काका बटाटा लावायचे. ते म्हणाले, “हेच पाणी पिऊन मी साठीचा झालो!”

“म्हणूनच काळजी वाटते,” काकू म्हणाल्या.

शेत लावणीआधीचं, मोकळं होतं. मी पहिला फूट उतरलो आणि वर आलो, तर अंगाला पांढरे दाणे चिकटलेले.

“काका, हा युरिया? अजून तर लावणीच नाही!”

काका चुळबुळले. “तुम्ही येणार म्हणून सकाळी जरा शिंपडला. जमीन टापटीप दिसावी.”

“यांचं असंच,” काकू म्हणाल्या. “डॉक्टर येणार म्हटल्यावर ताप लपवायला तोंडाला पावडर लावून बसले होते!”

ताईंनी दुसरा कोपरा धरला. खाली जमीन कडक निघाली, तेव्हा मदतीला काका माझ्या मुठीला लोंबकळले. मी गर्रकन फिरलो. काकाही फिरले. मी तिसऱ्या फुटावर पोचलो आणि काका बादलीत.

ताईंनी मातीत पाणी घालून हलवलं, गाळलं आणि त्यात नायट्रेटच्या चाचणीची पट्टी बुडवली; रंग जितका गडद, तितका नायट्रेट जास्त. पहिल्या फुटाची पट्टी फिकट गुलाबी. तिसऱ्याची गडद. विहिरीच्या पाण्याची तर त्याहून गडद.

“बटाट्याची मुळं जेमतेम दीड फूट जातात,” ताई म्हणाल्या. “तुम्ही सगळं खत लावणीलाच देता, वर मोकाट पाणी. एवढ्याशा रोपांना ते संपत नाही. मग त्याचा नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतो, थेट विहिरीत.”

काकू कमरेवर हात ठेवून वळल्या. “म्हणजे एवढी वर्षं तुम्ही विहिरीला खत घालत होता? तिला एकतरी बटाटा लागला का?”

“बाळाचं पाणी उकळून देऊ,” काका पुटपुटले.

“उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटून उलट वाढतो. त्याने तान्ह्या बाळाच्या रक्तात प्राणवायू कमी पडतो. बाळाला हे पाणी द्यायचंच नाही,” ताई म्हणाल्या.

मला वाईट वाटलं, चुगली माझ्याच पोटातून बाहेर पडली होती. मग जे काका स्वतःच्या हाताने पेलाभर पाणीही घेत नसत, ते सायकलला दोन कॅन बांधून तपासलेलं पाणी आणायला निघाले.

त्या हंगामात काकांनी खत तीन हप्त्यांत दिलं, पाणी बेताने सोडलं. बटाटा निघाल्यावर रान मोकळं न ठेवता चाऱ्याचा दाट ओट पेरला, म्हणजे उरलंसुरलं खत त्याची मुळं टिपतील. खत कमी लागलं, बटाटे मात्र आधीइतकेच निघाले. काकांनी पोती दोनदा मोजून पाहिली.

पुढच्या वर्षी तिसऱ्या फुटाची पट्टी फिकट आली. काकांनी आनंदाने माझा मुका घेतला, तोही मातीसकट! विहीर मात्र अजून हट्टाला पेटलेली. तिला निवळायला काही वर्षं लागतील, असं ताई म्हणतात. बाळ आता दुडुदुडु चालतं, आणि कॅनची सायकल चालूच आहे.

ताईंनी नवं गिरमिट घेतलं आणि मला काकांकडे ठेवलं. माझं टोक बोथट झालंय, तरी मला उसंत नाही. काका अंगणात, शेजाऱ्यांच्या बागेत, पाहुण्यांच्या कुंडीतसुद्धा मला खुपसतात. तक्रार नाही. विनंती एकच: काम झालं की भोक बुजवत जा. परवा जावयाचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. तो कळवळून ओरडला. काका धावत आले आणि त्यांनी विचारलं,

“किती फूट?”