पाल्याचा पाहुणचार

यशवंतरावांच्या हृदयात धातूची झडप बसली, आणि त्याच वर्षी दसऱ्याला आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. आदिलाबादजवळच्या बेला गावात, भाजीवाल्यांच्या गल्लीत दोन्ही ऑपरेशनांची चर्चा सारख्याच काळजीने झाली.

आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही, ही गल्लीची रीत. आणि तिथे हातात असणार काय? अंबाडीची नाहीतर पालकाची जुडी. निर्मल गावात दिलेली यशवंतरावांची बहीण सोजरबाई तर गाठोडंच घेऊन आली. निर्मल वेगळा जिल्हा झाल्याने आता ती परजिल्ह्यातली पाहुणी होती. आणलेलं फेकणं यशवंतरावांची बायको तुळजाबाई हिच्या स्वभावात नव्हतं. शिवाय नवऱ्याला रक्त पातळ करायची गोळी चालू. पातळ रक्ताच्या माणसाला ताकद नको? ती रांधत गेली, ते खात गेले.

आदिलाबादला रक्त तपासलं. आकडा हवा त्यापेक्षा खाली गेलेला पाहून डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"गोळी चुकते का?"

"नाई जी. चुकली तर ही जेवू देत नाही."

"मग खाता काय?"

"पाला. बैल रुसून राह्यले घरी."

बाई हसल्या नाहीत. "रक्त पाण्यासारखं पातळ होत नसतं. लवकर गुठळी होऊ नये, एवढंच ही गोळी बघते. गुठळीला जे लागतं ते हिरव्या पाल्यात असतं. गोळी इकडे ओढते, तुमची भाजी तिकडे. झडपेवरची गुठळी मेंदूत गेली तर लकवा."

तुळजाबाई नवऱ्याकडे वळली. "म्हंजे मी माह्याच हातानं..."

"भाजी एकदम बंद नका करू, उलट रक्त वाहायची भीती. रोज थोडी, सारखीच. गोळी मनाने वाढवायची नाही, सोडायची नाही. गुडघा दुखला तरी दुकानातून दुखण्याची गोळी घ्यायची नाही. हिरड्यांतून रक्त आलं, संडास काळी झाली, तर लगेच या."

बसमध्ये तिने नवऱ्याची बाही घट्ट धरली.

"अवं, काऊन गप? इतका जीव लावून कोणी मारते का?"

"मारायचं नाव काढू नका तुमी." बेला येईस्तोवर तिने त्यांची बाही सोडली नाही.

जुड्या येतच राहिल्या. नाही म्हणणं तिला जमेना. मग शेजारची कुसुमबाई जुडी घेऊन आली, तशी तुळजाबाईने ती तिथेच रांधली आणि कुसुमबाईलाच वाढली. भेटायला येणारे तट्ट भरलेलं पोट धरून जाऊ लागले. यशवंतरावांच्या पानात मात्र रोज एक लहान वाटी.

"अजून वाढ ना व."

"नाई."

पुढच्या तपासणीला आकडा जागेवर आला. तुळजाबाई भर दवाखान्यात पदर तोंडाला लावून रडली. यशवंतराव शेजारच्या रोग्यांना समजावत बसले, "घाबरू नका जी. माही तब्येत बरी हाय म्हणून रडून राह्यली."