कांदा-बटाट्याचं कूपन

महिन्याच्या बाजाराला त्रिशला आणि शेजारची वर्षाराणी राजारामपुरीतल्या मॉलमध्ये जोडीनंच जायच्या. या वेळी त्रिशलाच्या कार्डावर पाच किलो कांदा-बटाटा फुकट मिळायचं कूपन आलं होतं, आणि तिच्या जैन घरात तर दोन्ही वर्ज्य. वर्षाराणीला आलेल्या कूपनांत एक तेलाचं होतं, पण तिचं तेल माहेरच्या घाण्यावरनं यायचं. ज्याचं कूपन त्यानंच वापरायचं, असा दुकानाचा नियम. म्हणून दोघींनी एकमेकींचा माल आपापल्या ट्रॉलीत घेतला.

रांगेत नेमक्या जैन मंदिरात रोज भेटणाऱ्या राजमतीकाकू पुढ्यात आल्या. ट्रॉलीतले कांदे बघून त्यांचे डोळेच मोठे झाले.

"त्रिशला, घरात कांदा चालाय लागला व्हय?"

त्रिशला आधी ओशाळली, मग तिला हसूच आवरेना. "आमचा न्हाय काकू, वर्षाराणीचा हाय. माझं तेल तिच्या ट्रॉलीत हाय बघा."

काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग पर्समधून एक चुरगळलेला कागद काढून वर्षाराणीला दाखवला.

"लसणाच्या चटणीचं हाय. टाकून द्यायला मन हुईना. तुझ्याकडं तूरडाळीचं हाय काय?"

"हाय की!" वर्षाराणी म्हणाली, आणि तिघी रांग सोडून खुशीत डाळीच्या फळीकडं वळल्या.