बोर्गहिल्डच्या हातची शेवटची बिअर

"अरे, पाळण्यातलं पोर आहे का ते? पुरे झालं हलवणं!" शेजारचा स्टाइनार तळघराच्या पायरीवरून ओरडला.

ओडमुन ऐकतो कशाला! गॅस लवकर मुरावा म्हणून बिअरचं पोलादी पिंप मांड्यांवर आडवं घेऊन तो हलवत होता. सिलिंडरमधला गॅस नळीवाटे आत शिरत होता आणि पिंप बुडबुडत होतं. एकाहत्तर वर्षांच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते.

"बोर्गहिल्ड कसं करायची रे?" त्याने विचारलं. चाळीस वर्षं बिअर बायकोने केली, याने फक्त पिंपं उचलली.

"थोडाच दाब लावायची आणि दहा दिवस बघायचीसुद्धा नाही. तुला होते की दहा दिवस."

होते. पण ती गेल्यापासून ओडमुनला तळघरात उतरणं जिवावर आलं होतं. खाली तिचे रबरी बूट होते, पिंपावर तिच्या अक्षरातली तारीख. इकडे दफन दोन-दोन आठवड्यांनी होतं; तेही आता उद्यावर आलं होतं. दफनाहून परतलेल्यांना घरची बिअर द्यायची, ही या खोऱ्यातली रीत. ती आपल्याच हातची असावी, एवढंच तिने मागितलं होतं; जाण्याआधी बिअर करूनही ठेवली होती, फक्त गॅस भरायचा उरला होता. आणि मिळमिळीत बिअर तिला मुळीच खपत नसे.

स्टाइनार गेल्यावर त्याने दाबाचा काटा आणखी चढवला आणि हात भरून येईपर्यंत पिंप हलवलं.

दुसऱ्या दिवशी तोटी उघडली, तर ग्लासात नुसता फेस. दुसऱ्यातही तेच. काळ्या कपड्यांतली तीसेक माणसं बघत होती. हिची शेवटची बिअर आपण नासवली, या विचाराने ओडमुनला रडू फुटायचंच बाकी होतं.

"गॅस फार झाला," स्टाइनार हळूच म्हणाला. "दाब सोड थोडा. ग्लास ठेव नुसते, फेस बसू दे."

"लोक थांबतील का तोवर?"

"आम्हाला कुठे गाडी गाठायचीय, भाऊजी?" मेहुणी गुनवोर म्हणाली. "ताई असती तर तिने तुम्हाला चांगलं फैलावर घेतलं असतं."

"आणि मग स्वतःच तोटीशी उभी राहिली असती," मागून कोणी तरी म्हणालं.

एकेका ग्लासाला दहा-दहा मिनिटं लागत होती. खारवलेलं मटण आणि पातळ भाकरी कधीच संपली, तरी कोणी कोट चढवला नाही. पाद्रीबाईंनी सांगितलं, की इथल्या त्यांच्या पहिल्या हिवाळ्यात बोर्गहिल्डनेच त्यांना बर्फात चालायला शिकवलं, तेही शिव्या देत. ओडमुन ऐकत होता, ग्लास भरत होता. पाय मोडून आले होते, पण त्याला बसावंसं वाटेना.

संध्याकाळी घर रिकामं झालं. उरलेलं त्याने स्वतःच्या ग्लासात सोडलं. काठोकाठ पांढरा फेस. काळा सूट अंगावर तसाच ठेवून तो टेबलाशी टेकला आणि ग्लास समोर घेऊन बसला. फेस सावकाश खाली गेला. तळाशी बोटभर बिअर उरली. ती प्यायची त्याला घाई नव्हती.