तटस्थ निरीक्षण

पाळणाघरातली तीसएक पोरं तिला मावशी म्हणायची, पोरांच्या आया मावशी म्हणायच्या, आणि लाडात आला की नवराही मावशीच म्हणायचा. तेव्हा आपणही तेच म्हणू. तर ही मावशी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पदवीच्या शेवटच्या सत्रात होती. विषय मानव विकास आणि कुटुंब अभ्यास. नवऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "दोन पोरं वाढवलीस, सासरा सांभाळतेस, आता कुटुंबाचा आणखी कसला अभ्यास राहिलाय?" तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट एकतर चालते नाहीतर अडकते, मधलं काही नसतं.

सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. आप्पांनी पस्तीस वर्षं इस्पितळाचं भांडार सांभाळलेलं. चादरी, अभ्रे, बँडेजच्या पट्ट्या. लग्नापायी सुनेचं कॉलेज अर्धवट राहिलं याची टोचणी नवऱ्यापेक्षा त्यांनाच जास्त होती. ते स्वतः रांगेत उभे राहिले, प्रवेशाचा फॉर्म आणला, वळणदार अक्षरात भरला आणि म्हणाले, "सूनबाई, फोटो तेवढा तू चिकटव." ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यानंतर वर्षभरातच आप्पा विसरायला लागले. आधी किल्ल्या कुठे ठेवल्या ते, मग वार, मग आपण जेवलो की नाही ते.

शेवटच्या सत्रात एक प्रकल्प होता आणि सगळी पदवी त्याच्यावर अडून होती. कुठल्याही एका वृद्ध माणसाचं त्याच्या घरी जाऊन सोळा आठवडे निरीक्षण करायचं. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, एक तास, आणि दर पाच मिनिटांनी एक नोंद. नियमांतले दोन जाड अक्षरांत छापलेले होते. स्वतःच्या घरातली व्यक्ती चालणार नाही. आणि त्या तासात निरीक्षकाने मदत करायची नाही, विचारलेल्याला उत्तर द्यायचं नाही, खुणावायचंही नाही. जिवाला धोका असेल तरच जागचं उठायचं.

मावशीने खालच्या मजल्यावरची एक आजी धरली होती. गोड बाई. पण तिसऱ्या आठवड्यात तिची लेक आली आणि आजीला सामानासकट घेऊन गेली. मावशी तोंडात मारल्यासारखी जिन्यात उभी राहिली. नवं घर शोधा, त्यांची संमती मिळवा, परत पहिल्यापासून सुरू करा, एवढे आठवडे सत्रात उरलेच नव्हते. आणि घरात, दाराच्या आत, आप्पा होतेच की.

मग तिने ते केलं. कागदावर लिहिलं, 'श्री. क्ष, वय ७८, निरीक्षकाचे शेजारी.' मुलाची संमती म्हणून नवऱ्याने सही ठोकली. त्याच्या सहीतून आडनाव वाचणारा अजून जन्माला यायचाय, तेव्हा तिकडून काळजी नव्हती. हुकलेले आठवडे तिने एकेका आठवड्यात दोनदा बसून भरून काढायचं ठरवलं, आणि रविवारी व गुरुवारी सकाळी नऊ ते दहा ती आप्पांच्या खोलीत खुर्ची टाकून बसायला लागली. मांडीवर पाठीला पुठ्ठा लावलेले कागद, हातात पेन, तोंड बंद.

सुरुवातीला आप्पांना गंमत वाटली. "काय लिहितेस गं?" असं दोनतीनदा विचारलं. उत्तर नाही. मग त्यांनी विचारणं सोडलं. एका रविवारी त्यांनी शर्ट उलटा घातला आणि दुसरी बाही शोधत बसले. बाही पाठीमागे लोंबत होती. एरवी मावशीने बोलता बोलता ती पुढे आणून दिली असती, आप्पांना कळलंही नसतं. त्या दिवशी तिने घड्याळ बघितलं. पंधरा मिनिटं. आप्पांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग शर्ट काढून मांडीवर घेऊन उघडेच बसून राहिले. तिने लिहिलं, 'प्रयत्न सोडून दिला.' दहा वाजल्यावर तिने धावत जाऊन शर्ट चढवला, केस नीट केले, नको इतकी बडबड केली. पण बूंद से गई म्हणतात तसली ती भरपाई होती, आणि तिचं तिलाही ते ठाऊक होतं.

सातव्या आठवड्यात आप्पांनी तिच्याकडे वळून विचारलं, "आपण कोण?"

आता इथे काय झालं ते मावशीने नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. तिला रडू आलं नाही. धस्सही झालं नाही. तिच्या मनात आलं, छान, हे मिळालं. तिच्या हाताने सराईतपणे लिहिलं, '९.३५. परिचित व्यक्तीची ओळख पटत नाही.' एका शब्दाने उत्तर दिलं असतं तरी काम झालं असतं, आप्पा, मी आहे, बस. तिने दिलं नाही. आप्पांनी आणखी थोडी वाट बघितली, आणि मग त्यांचं त्यांनीच उत्तर शोधलं. उठले, कॉलरचं बटण लावलं, ताठ उभे राहिले. "तपासणीला आलात होय. आधी कळवलं असतं तर कपाट लावून ठेवलं असतं, बाईसाहेब."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत आप्पा कशाला घाबरले असतील तर तपासणीला. इकडची चादर तिकडे झाली तर ठपका त्यांच्यावर यायचा. त्या दिवसापासून खुर्ची टाकली की ते उभे राहायचे, कपाट उघडायचे आणि घरातल्या चार चादरींकडे बोट दाखवून सांगायचे, "चादरी चौऱ्याऐंशी. एक अभ्रा कमी दिसेल, तो धुण्यात आहे, मी नेलेला नाही." मावशी लिहायची.

आधी हे तेवढ्या तासापुरतं होतं. दहा वाजता ती परत सूनबाई व्हायची आणि गाडी रुळावर यायची. पण हळूहळू ती बाईसाहेब घरभर पसरली. मावशी जेवायला वाढायला आली तरी आप्पा ताटावरून उठायला बघायचे. तिच्या हातचा चहा घेईनात, म्हणे तपासणी चालू असताना बरं दिसत नाही. संध्याकाळ झाली की नवऱ्याला बाजूला घेऊन विचारायचे, "सूनबाई आली का रे?" ती तिथेच पोळपाट धूत उभी असायची.

डॉक्टर म्हणाले, आजार आहे, होणारच होतं हे. नवऱ्याने ते लगेच मानलं. मावशीच्या मात्र घशाखाली उतरेना, कारण तिच्याच पाठ्यपुस्तकात, तिनेच पिवळ्या पेनाने अधोरेखित केलेलं वाक्य होतं. अशा रुग्णाला ओळखीच्या माणसाने सतत साद दिली पाहिजे. परीक्षेत तिने ते जसंच्या तसं लिहून चार गुण मिळवले होते. मन नुसतं खात होतं. पण प्रकल्प द्यायला चारच दिवस उरले होते, आणि एवढं पदरात पाडून घेऊ, मग आप्पांचं सगळं निस्तरू, असं ती स्वतःला समजावत राहिली.

प्रकल्प गेला आणि मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या. पहिल्याच पानावर लाल शाईत त्यांनी लिहिलं, 'अत्यंत तटस्थ निरीक्षण.' मावशीला ते दोन शब्द शिवीसारखे लागले. वर मॅडम म्हणाल्या, "पडताळणीला मी स्वतः येणार. या आजोबांना भेटायचंय मला. तेवढं झालं की तुमची पदवी झालीच समजा."

मॅडम येणार त्या सकाळी नवऱ्याने दारावरची नावाची पाटी उतरवली. स्क्रू काढायला त्याला कोण आनंद. मावशीने भिंतीवरचा लग्नाचा फोटो काढून गादीखाली सरकवला. भिंतीवर फोटोएवढा चौकोन स्वच्छ राहिला, त्यावर कॅलेंडर लावलं. स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी पर्स मांडीवर घेऊन ती बसली. एकच भीती होती, आप्पांनी आज नेमकं ओळखलं तर? ही भीती आपल्याला वाटतेय हे लक्षात आलं आणि तिला स्वतःची किळस आली. इतके दिवस जे व्हावं म्हणून जीव तुटायला हवा होता, ते आज होऊ नये म्हणून ती मनातल्या मनात हात जोडत होती.

मॅडम आल्या, साध्या, हसऱ्या, चपला दाराशी नीट जोडून ठेवणाऱ्या. नवऱ्याने पाणी आणलं आणि बायकोसमोर ट्रे धरून म्हणाला, "घ्या ना ताई." नटाची जात नव्हतीच त्याची. मॅडमचं लक्ष आप्पांकडे होतं म्हणून निभावलं.

आप्पांनी मावशीला बघितलं आणि ते ताठ झाले. तिची भीती फुकट गेली.

"आजोबा, मी कॉलेजातून आलेय. या बाई येऊन बसतात, त्यांचा तुम्हाला त्रास नाही ना?" मॅडमनी विचारलं.

"छे, छे. कडक आहेत, पण तपासणी म्हटल्यावर तसंच पाहिजे." मग आप्पा मॅडमकडे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्हाला नुसत्या पाण्यावर बसवलं, राग मानू नका. आमची सूनबाई घरात नाही. कॉलेजात जाते. पहिला नंबर काढते."

मावशीने जन्मात कधी पहिला नंबर काढला नव्हता.

"हुशार दिसतेय सूनबाई," मॅडम म्हणाल्या.

"माणूस चांगली आहे. मला काही सुचेनासं झालं ना, की ती काही न विचारता हातातलं काम घेते, मला ओशाळंही होऊ देत नाही. पण हल्ली बरेच दिवस दिसली नाही." आप्पांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "माझंच काहीतरी चुकलं असणार. तोंडातून वेडंवाकडं गेलं असेल. हल्ली माझं मला आठवत नाही. तुम्ही कॉलेजातल्या ना? दिसली तर सांगाल का तिला, आप्पा माफी मागतायत म्हणून?"

नवरा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मावशीची पर्स मांडीवरून खाली पडली, तिने ती उचलली नाही.

"मॅडम, ती मीच आहे," ती म्हणाली. "हे शेजारी नाहीत. हे माझे सासरे. हे माझंच घर आहे. सगळं खोटं लिहिलंय मी. नाही, खोटं नाही, नोंदी सगळ्या खऱ्या आहेत. हे शर्टाची बाही शोधत होते तेव्हा मी खरंच बसून राहिले होते. यांनी मला आपण कोण म्हणून विचारलं तेव्हा मी खरंच गप्प बसले होते."

मॅडमनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. फाइल मिटली. आवाज चढवला नाही, उलट तो आणखी उतरला. "मला हा प्रकल्प घेता येणार नाही. परत सगळं करावं लागेल, पुढच्या वर्षी. समितीला कळवावंही लागेल, त्यावर ते काय ठरवतील ते मी आत्ता सांगू शकत नाही."

"हो," मावशी म्हणाली. तिला वाटलं होतं, खरं बोलल्यावर हलकं वाटेल. काही हलकं वाटलं नाही. ती उठून आप्पांच्या पुढ्यात जमिनीवर बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आप्पा, मी आहे. सूनबाई. तुमचं काही चुकलेलं नाही."

आप्पांनी तिला नीट न्याहाळलं. मग अवघडून, तिला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाले, "नाही हो, बाईसाहेब. ती निराळी. ती अशी बघत बसत नाही."

मॅडम उठल्या, दाराशी गेल्या, चपला घालून तिथेच थांबल्या.

आप्पांना मात्र दुसरीच चिंता होती. "सगळं बघून झालं असेल तर शेरा देऊन टाका," ते म्हणाले. "इतके दिवस नुसतं लिहिताय, शेरा काही देत नाही. माणसाला झोप लागत नाही हो."

मावशीने कोरा कागद घेतला आणि लिहिलं, 'साठा पूर्ण आहे. भांडारपालांची कोणतीही चूक नाही.' खाली सही केली. आप्पांनी तो दोनदा वाचला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले. कागदाची नीट घडी करून त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून हाताने दाबून बघितली.

"सूनबाई आली की दाखवतो," ते म्हणाले. "फार घोर लावून घेते ती माझा. हे वाचलं की तिला बरं वाटेल."

"दाखवा," मावशी म्हणाली.