घरचे आहेत

चर्चच्या पाळकसाहेबांनी आजाऱ्यांच्या भेटीचं काम शिंपीणबाईच्या गळ्यात घातलं, ते तिची जीभ बंद व्हावी म्हणून. दर रविवारी उपासना सुटली की ती दारातच ऐकवायची, "माझी आई सात आठवडे खाटेवर होती. मंडळीतलं काळं कुत्रं फिरकलं नाही."

कामाची रीत साधी. ज्या घरी आजारपण, त्या घराचं एक कार्ड. भेटीला कोण जाणार, जेवण कोण पोचवणार, सगळं त्यावर. कार्डांचा पत्र्याचा डबा इतकी वर्षं मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या ताब्यात होता. आता पंचच लकव्याने आडवे झाले.

डबा हातात येताच तिने जुनी कार्डं उपसली. आईचं सापडलं. रकाने कोरे, आणि वर पंचांचं ठसठशीत अक्षर: 'घरचे आहेत. गरज नाही.'

घरचे म्हणजे ती एकटी! ती दिवसभर मशीनवर, आणि आई दाराकडे डोळे लावून. "पाळक आले का गं?" शेवटच्या दिवशीही तेच. आणि हे सगळं का, तर सभेत तिने पंचांना चारचौघांत खोटं पाडलं होतं. त्याचं उट्टं त्यांनी मरणाऱ्या म्हातारीवर काढलं.

दुपारी पंचांची बायको आली. "दोन आठवडे झाले गं, कुणी येत नाही. कार्ड भर की."

तिने कोरं कार्ड घेतलं. 'घरचे' एवढं लिहिलं आणि हात थांबला. एवढ्यावर सोडायचं? छे.

"मी स्वतः येते, काकू."

ती रोज जाऊ लागली. चादर बदलायची, अंग पुसायची, चमच्याने सूप पाजायची. आणि पहिल्याच दिवशी पदराची टाचणी काढून तिने आईचं कार्ड खाटेसमोरच्या पडद्याला टोचलं. पंचांना मान वळवता येत नव्हती.

"काढ... ते," वाकड्या ओठांतून शब्द आला.

"घाई काय आहे काका? मी आहे ना."

तिसऱ्या रविवारी पाळकसाहेब भर उपासनेत म्हणाले, सेवा कशी करावी ते या बाईकडून शिका. ती खाली मान घालून बसली. सगळ्यांना वाटलं, लाजली.

दुसऱ्या दिवशी पंचांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चुकलं... पोरी."

तिने चमचा भरला, फुंकर मारली.

"मी ऐकलं काका. ज्या बाईने ऐकायला हवं होतं, ती गेली. तोंड उघडा."