भंडाऱ्याची वाटी

भागुबाईनं झेंडूनं पिवळी पडलेली बोटं पदराला पुसली आणि हात वर केला. एकलहऱ्याजवळच्या त्या गावात ग्रामपंचायतीच्या ओसरीवर कायद्याचं शिबिर चाललं होतं. कायद्यापेक्षा चहाची वाट बघणारेच जास्त.

“वकीलबाई, एकदा सुटलेल्या माणसाला त्याच गुन्ह्यात परत धरत्यात का?”

“नाही,” नाशिक रोडहून आलेल्या प्रतिभाताई म्हणाल्या. “निर्दोष सुटला आणि अपीलही फेटाळलं, की त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नाही.”

“आन् तो आता देवापुढं कायबी बोलला तर?”

“काहीही बोलला तरी.”

ओसरीवरच्या माना वळल्या. कोणाबद्दल चाललंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी चुलत दीर रंगनाथचं शेवंतीचं शेडनेट जळालं आणि आळ आला भागुबाईच्या नवऱ्यावर, सावळीरामवर. पुराव्याअभावी कोर्टानं त्याला सोडलं. गेल्या महिन्यात रंगनाथचं अपीलही फेटाळलं गेलं. पण रंगनाथची बायको कुसाबाई एकाच अटीवर अडून होती: सावळीरामनं खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घ्यावी, मग ती चकार शब्द काढणार नाही. सावळीराम म्हणायचा, वकिलानं शपथेला मनाई केलीय, कोर्टाचं काही सांगता येत नाही. भागुबाईला ते पटायचं. नवऱ्यापायी तिनं अख्ख्या गावाशी भांडण घेतलं होतं, आणि बहिणीसारखी जाऊ गमावली होती.

चहा न पिताच ती उठली आणि थेट कुसाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. चार वर्षांत पहिल्यांदाच.

“चल कुसा. आज तुझ्यादेखत उचलणार हायेत.”

कुसाबाईनं चपला घातल्या.

सावळीराम अंगणात फुलांचे क्रेट बांधत होता. भागुबाईनं देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी आणून त्याच्यापुढं धरली आणि वकीलबाईंचं बोलणं एका दमात सांगून टाकलं. तिला आनंद आवरत नव्हता.

“आता कोर्टाचा धाक नाय राह्यला. उचला.”

सावळीरामनं वाटीकडं पाहिलं, मग कुसाबाईकडं.

“हात धुऊन येतो,” तो म्हणाला.

मोरीतला नळ सुरू झाला. बादली भरली, भरून वाहू लागली. नळ काही बंद होईना. भागुबाई वाटी धरून तशीच उभी होती.

बऱ्याच वेळानं कुसाबाई पुढं झाली. तिनं वाटी हळूच काढून घेतली आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवली.

“बसा आक्का,” ती म्हणाली. “मी चहा टाकते.”